घरासमोरचा फोटो

आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना घरीच मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायचा म्हणजे कागदांचा गठ्ठाच जमवावा लागतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. या सगळ्याच्या मागे एक फोटो असतो. मुलं आपल्या पालकासोबत स्वतःच्या घरासमोर उभी आहेत, असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडच्या एखाद्या तांड्यावरचा असा फोटो हातात घेऊन बघा. टिनाचं छप्पर, शेणानं सारवलेला ओटा, भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या. मधोमध डोक्यावर पदर घेतलेली आई, दोन्ही बाजूंना पोरं आणि धाकट्याची नजर कॅमेऱ्याकडे नाही, अंगणातल्या कोंबडीकडे.

सरकारला हा फोटो पडताळणीसाठी हवा असतो. मला तो इतिहासाचा कागद वाटतो. याच भागातल्या पोरक्या मुलाची सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी जी नोंद होई, तीत घर नसे, आईही नसे. मूल एकटंच असे, आणि कागदावरचा प्रश्न एवढाच असे की याला कुठे पाठवायचं. ‘कुठे पाठवायचं’पासून ‘घरीच कसं ठेवायचं’पर्यंत यायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षं लागली. दिग्रससारख्या गावात उभं राहून पाहिलं की हा प्रवास किती उशिरा आणि किती तुकड्यातुकड्यांनी पोहोचला, ते दिसतं.

धावंडा नदीकाठचं दिग्रस तेव्हा दारव्हा तालुक्यात होतं. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतं, मालकी नावापुरती निजामाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. हातात पैसा आला, पण घरातली ज्वारीची कणगी रिकामी होत गेली. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, आणि तो विसरायच्या आत १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ आला.

दुष्काळात आधी मोठी माणसं रस्त्याला लागतात, आणि वाटेत मुलं मागे राहतात. सरकारचा दुष्काळ संहिता नावाचा नियमांचा ग्रंथ १८८० च्या दशकातच तयार झाला होता. त्यात दुष्काळी कामं, अन्नछत्रं, गरीबखाने यांचे नियम होते, आणि बेवारस मुलांचं काय करायचं हेही होतं: नातेवाईक शोधा, नाही सापडले तर मुलाच्या धर्माच्या माणसाकडे किंवा संस्थेकडे सोपवा, तेही नसेल तर मग इतरांकडे. नियम वाचायला बरा होता. प्रत्यक्षात नातेवाईक स्वतःच उपाशी मरत होते.

त्या वर्षांत मुलं वाचवायला धावले ते सरकारबाहेरचे लोक. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथून शेकडो मुली-बाया घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते या मुलींसाठी. लाला लजपत राय आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते मध्य प्रांतातलीच मुलं पंजाबातल्या फिरोजपूरच्या अनाथालयात नेत होते. आणि आपल्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनच्या बायकांनी दुष्काळातल्या पोरांना आसरा दिला. या सगळ्यांमध्ये मुलांवरून ओढाताण झाली, हे खरं. मूल कोणाच्या धर्मात वाढणार हा वाद १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढेही गेला. पण त्या ओढाताणीवर आज नाक मुरडण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांनी त्या मुलांना उचललं नसतं, तर ती मेली असती. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. त्या पद्धतीतून पडलेल्या सवयीवर आहे. मूल वाचवायचं म्हणजे ते उचलून दूर न्यायचं, मोठ्या इमारतीत ठेवायचं, हा पायंडा दुष्काळात पडला आणि दुष्काळ संपल्यावरही टिकला.

ज्या मुलांचे आईबाप जिवंत होते, त्यांचं संरक्षण कायदा कसं करत होता? हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, एवढीच त्याची मजल. त्यातही वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. वऱ्हाडातलं जिनिंग दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतं. म्हणजे कापसाची सरकी वेचणाऱ्या बाया आणि त्यांच्या पदराला धरून येणारी पोरं यांच्यापर्यंत तो कायदा पोहोचायच्या आधीच हंगाम संपत होता. १८९१ मध्ये वयाची अट नऊ वर्षांची झाली. पण पुढच्या चौकशांमध्येही खानदेश-वऱ्हाडच्या जिनांतले कामाचे तास ऐकून अंगावर काटा येतो.

आणखी एक कायदा मुलांच्या नावानं झाला, तो सर्वांत कठोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली सुधारणा झाली आणि त्या जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत घालायचा अधिकार सरकारला मिळाला. मुलानं काही केलेलं असावं लागत नव्हतं, त्याचा जन्म पुरेसा होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. विदर्भातल्या फासेपारध्यांना विचारा. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला त्याच समाजातल्या मतीन भोसले या शिक्षकानं भीक मागणाऱ्या मुलांना गोळा करून शाळा काढली. तिचं नाव त्यांनी ‘प्रश्नचिन्ह’ ठेवलं. सगळा इतिहास त्या एका नावात येऊन बसलाय.

शहरात मात्र वारं बदलत होतं. १९१९-२० च्या तुरुंग समितीनं स्पष्ट सांगितलं की मुलांची जागा तुरुंगात नाही. त्यानंतर मद्रासनं १९२० मध्ये, बंगालनं १९२२ मध्ये, मुंबईनं १९२४ मध्ये आपापले बाल कायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, बालन्यायालय बसू लागलं. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दयाबुद्धीनं केलेल्या सेवेला आता शिक्षणाची जोड मिळाली. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणं, शेजाऱ्यांशी बोलणं, अहवाल लिहिणं, ही एक विद्या आहे, हे मान्य झालं. प्रोबेशन ऑफिसर हा नवा माणूस पोलिसाच्या शेजारी येऊन बसला.

वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं होतं. मध्य प्रांताचाही बाल कायदा १९२८ मध्ये झाला. पण कायदा चालवायला न्यायालय लागतं, गृह लागतं, शिकलेला माणूस लागतो, आणि यातलं जे काही होतं ते शहरात. दिग्रसच्या बाजारात चोरी करताना पकडलेल्या पोराचा निकाल बहुधा चपलेनं आणि पाटलाच्या ओट्यावर लागत असणार. विदर्भात खरं काम उभं केलं ते कमलाताई होस्पेट यांच्यासारख्यांनी. त्यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला, तो बाळंतिणींसाठी. आई वाचली तर मूल वाचतं, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं. याच संघानं १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली, आणि विदर्भातल्या मुलामुलींना समाजकार्य शिकायला मुंबईला जायची गरज उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर दिग्रसनं राज्यं बदलली. आधी मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. मुंबईचा १९४८ चा बाल कायदा आणि त्याची यंत्रणा यांचा त्या काळातल्या महाराष्ट्रावर मोठा ठसा होता. जिल्ह्याजिल्ह्यांत रिमांड होम आली. हा शब्द आपल्या घरांत धमकीसारखा वापरला गेला. ‘नीट वाग, नाहीतर रिमांड होमात टाकीन.’ गंमत म्हणून नव्हे, खरोखरच्या भीतीनं. कारण तिथे चोरी केलेलं मूल आणि बाप मेलेलं मूल शेजारी-शेजारी झोपत होतं. आई मोलमजुरी करते, मूल सांभाळता येत नाही, म्हणून टाकलेलंही त्यांच्यात होतं. दारिद्र्य आणि गुन्हा यांच्यात भेद करायला व्यवस्थेला सवड नव्हती.

मात्र याच काळात बालसंरक्षणाचं सर्वांत मोठं काम झालं, आणि त्याला कोणी बालसंरक्षण म्हटलंही नाही. ते झालं १९७२ च्या दुष्काळात. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक दिग्रसच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा तांड्यावर जन्मलेले. महाराष्ट्रभर रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. खडी फोडणाऱ्या आईच्या हातात आठवड्याचा पगार पडत होता, पोरांच्या ओंजळीत सुकडी पडत होती. जुन्या माणसांना त्या सुकडीची गोडसर, भाजलेली चव अजून आठवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. कामावर सावली आणि पाणी हवं, लहान मुलांसाठी पाळणाघर हवं, हे त्या योजनेत लिहिलेलं होतं. सावली कित्येक ठिकाणी चार बांबूंवर टाकलेल्या पोत्याची होती, हेही खरं. तरी १९०० आणि १९७२ शेजारी ठेवून पाहा. पहिल्या दुष्काळानं पोरकी मुलं गाड्या भरभरून दूर पाठवली. दुसऱ्यात बहुतेक मुलं आईच्या नजरेसमोर राहिली. फरक मजुरीनं केला. माझ्या मते महाराष्ट्रानं मुलांसाठी केलेला सर्वांत चांगला कायदा रोजगार हमीचा आहे.

दोन ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातलं धारणी होतं. या योजनेबरोबर ताराबाई मोडक यांच्या बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगांतला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. गावागावांत मुलांसाठी नेमलेली एक बाई आली. तिला पगार नव्हे, मानधन मिळतं, हा तिचा लढा अजून चालू आहे.

मग १९८६ उजाडलं. शीला बारसे या पत्रकार देशभरच्या तुरुंगांतल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयानं त्या वर्षी बजावलं की मुलांना तुरुंगात ठेवू नका. वर्षअखेरीला सबंध देशासाठी एकच बाल न्याय कायदा झाला, बालकामगार कायदाही झाला. दिल्लीच्या दृष्टीनं मुलांच्या हक्काचं हे मोठं वर्ष.

त्याच वर्षी १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे घरून निघाले. विजेचं बिल थकलं होतं, वीज तोडली होती, उभं पीक वाळलं होतं. पवनारजवळ दत्तपूरला त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. आजही १९ मार्चला अनेक लोक दिवसभर अन्नत्याग करतात.

मी त्या चार मुलांपाशी थांबतो. त्या साली झालेल्या नव्या कायद्याच्या कोणत्या कलमात ती बसली असती? ती अनाथ नव्हती, बेवारस नव्हती, भीक मागत नव्हती, त्यांनी कोणता गुन्हा केलेला नव्हता. त्यांना घर होतं, आई होती, वडील होते. कायद्याचा डोळा घरातून बाहेर पडलेल्या मुलावर होता. आतून कोसळत चाललेलं घर त्याला दिसत नव्हतं. पुढच्या वीस वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात अशी घरं गावोगाव झाली. २००६ च्या जानेवारीत सरकारनं आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. जुलैच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आणि ‘पात्र-अपात्र’ ही जोडी आमच्या बोलीत कायमची शिरली. सातबारा बापाच्या नावावर नसेल, कर्ज विनापरवाना सावकाराचं असेल, तर मरण अपात्र. अपात्र मरणाच्या घरातली मुलंही मग अपात्र ठरली.

कायदा मात्र हळूहळू वळत होता. भारतानं १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ ची चाइल्डलाइन सुरू केली. २००० च्या बाल न्याय कायद्यानं मुलग्यांसाठीची वयोमर्यादाही १६ वरून १८ केली आणि शब्द बदलले. बालगुन्हेगार गेला, विधिसंघर्षग्रस्त बालक आलं. अनाथ-बेवारसऐवजी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’.  हे शब्द जड आहेत, बोलताना जीभ अडखळते. तरी मला ते महत्त्वाचे वाटतात. ‘अनाथ’ म्हटलं की मुलात काही कमी आहे असं वाटतं. ‘गरज आहे’ म्हटलं की जबाबदारी आपल्यावर येते.

२०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आला. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, जबाब गणवेश न घालता घ्यायचा, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही, हे त्यानं घालून दिलं. झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडच्या कोलाम आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न आमच्या जिल्ह्यानं कितीतरी वर्षं ‘त्यांच्याकडे असंच असतं’ म्हणून बाजूला सारला. त्यातल्या कित्येकींचं वय पाहिलं, तर त्या माता होण्याआधी मुली होत्या, आणि त्यांच्यावर अत्याचार झालेला होता.

२०१५ च्या कायद्यानं सरळ लिहून ठेवलं की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, मूल शक्यतो कुटुंबात राहावं. दुष्काळानं पाडलेली सव्वाशे वर्षांची सवय कागदावर इथे मोडली. मात्र हा कायदा अठरा वर्षांवर येऊन थांबतो. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी ही उणीव जन्मभर अंगावर घेतली. उकिरड्यावर, स्टेशनवर टाकलेली अपंग, मतिमंद मुलं त्यांनी आपलं आडनाव देऊन वाढवली. अठरा पूर्ण झाली म्हणून ज्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही अशा मुलाला बाहेर काढायचं का, हे ते सरकारला विचारत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी मागितलेला कायदा अजून यायचा आहे.

आता पुन्हा त्या फोटोकडे येऊ. बालसंगोपन योजना याच वळणाचं फळ आहे: मूल बालगृहात नेण्याऐवजी पैसे घरी पाठवायचे. पण कित्येक वर्षं ही रक्कम महिन्याला ४२५ रुपये होती. कोविडमध्ये घरोघरी आईबाप गेले तेव्हा ती १,१०० झाली, आणि दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली. २०२३ मध्ये बालसंगोपनाची रक्कम २,२५० झाली, योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. २,२५० रुपयांत मूल वाढत नाही, पण शाळेतून काढून कापूस वेचायला पाठवायचं की नाही हा निर्णय तेवढ्या रकमेनं बदलू शकतो.

तो पैसा मिळायला बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, आणि समिती बसते यवतमाळला. दिग्रसहून दारव्हामार्गे लांबचा पल्ला. एक दिवसाची मजुरी बुडवून, पोरांना घेऊन, एसटीनं जायचं. एखादा कागद कमी निघाला की परत. घरी येऊन चौकशी करायची ती जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसानं, आणि तो बहुधा कंत्राटी. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलं-मुली हे काम जीव तोडून करताना मी पाहिली आहेत. पुढच्या वर्षी आपली नोकरी राहील की नाही, हे त्यांना माहीत नसतं. घरभेटीतून घराचा विश्वास जुळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस बदललेला असतो. इमारती बांधायला आपण कधी कमी पडलो नाही. गृहभेट करणाऱ्या माणसावर खर्च करायला मात्र आपला हात आखडतो. कायदा वळला, पण तिजोरी अजून नीट वळलेली नाही, हा माझा या सगळ्या इतिहासावरचा निष्कर्ष आहे.

यवतमाळला न जाता गावात करता येईल असंही बरंच आहे. बालविवाह थांबवायचा अधिकार २००६ च्या कायद्याखाली ग्रामसेवकाकडे आहे, अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. तिचा अध्यक्ष सरपंच असतो, सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. तांड्यावरची कोणती कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, त्यांची मुलं हंगामी वसतिगृहात थांबतात की कोयत्यामागे जातात, कोणाच्या घरी बाप गेला आणि अर्ज अजून केला नाही, कोणत्या नववीतल्या मुलीचं जमवायचं चाललंय, हे सगळं या समितीला कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक असतं.

म्हणून दिग्रस तालुक्यातल्या, आणि तुमच्याही गावातल्या, वाचकाला एक विनंती. येत्या ग्रामसभेत रस्त्याचा आणि नळाचा विषय झाला की उठून उभे राहा आणि विचारा: आपल्या ग्राम बाल संरक्षण समितीची शेवटची बैठक कधी झाली? तिचं रजिस्टर दाखवा.